वैदिक सुरेची कृति : शब्दार्थविचार व एक घरगुती पडताळा

१. विषयोपन्यास

'सुरा' म्हणजे काय, असें कोणाहि मराठी वाचकास विचारिलें असतां 'दारू' हें उत्तर विनाविलंब मिळतें. प्रस्तुत लेखकानें संस्कृताचा शिक्षक या नात्यानें तीस वर्षांहून अधिक काळ हेंच उत्तर अहमदनगर (२०२४ सालीं नामांतर झाल्यावर अहिल्यानगर) जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांकडून वदवून घेतलें, आणि परीक्षेंत तें लिहिणारास पूर्ण गुणहि दिले. सेवानिवृत्तीनंतर सौत्रामणि यागाचें प्रकरण सावकाश वाचावयास सवड मिळाली, तेव्हां हें उत्तर चुकीचें आहे असें ध्यानांत आलें. चूक वर्गांत झाली, तिचें प्रायश्चित्त निदान छापील पृष्ठावर तरी व्हावें, या बुद्धीनें हा लेख लिहिला आहे.

आज 'दारू' म्हटलें कीं भट्टी, नळी व त्या नळींतून थेंब थेंब उतरणारा अर्क डोळ्यांपुढें येतो. वैदिक सुरेच्या कृतींत यांपैकीं कांहींहि नाहीं. तींत आहे मोड आणलेलें धान्य, शिजविलेला भात, लाह्या, आंबवण, मातीचें भांडें, तीन रात्रींचा मुरवणीचा काळ आणि शेवटीं गाळणें. हीच सामग्री पाश्चात्य लोक ज्यास 'बीअर' म्हणतात त्या पेयाची होय. सुरा ही दारू नव्हे. ती बीअरची थोरली बहीण आहे. हें विधान केवळ शब्दांवर न ठेवितां, कायद्याच्या मर्यादेंत राहून जेवढें करून पाहतां आलें तेवढें करून पाहिलें. त्याची हकीकत पुढें सहाव्या कलमांत दिली आहे.

२. दारू, मद्य आणि सुरा

'दारू' हा शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ 'औषध' असा आहे. बंदुकीची दारू व पिण्याची दारू हे दोन्ही अर्थ मराठींत रूढ झाले. आज या शब्दास भट्टीचा वास चिकटला आहे. संस्कृतांतील 'मद्य' हा शब्द गुणवाचक आहे : ज्यानें मद येतो तें मद्य, मग तें कशाचेंहि असो. 'सुरा' हा शब्द मात्र द्रव्यवाचक व कृतिवाचक आहे.

हा भेद शुष्क पांडित्याचा नाहीं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगितले असून, सुरा हा अन्नाचा मल आहे म्हणून ती त्याज्य, असें कारण दिलें आहे. हें कारण धान्याच्या सुरेसच यथार्थपणें लागूं पडतें. म्हणूनच टीकाकार व निबंधकार पैष्टी हीच मुख्य सुरा मानून तिच्या पानाचें प्रायश्चित्त निराळें व इतर मद्यांचें निराळें सांगतात. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत या विषयाचा परामर्श घेतलेला आहे. जो भाषांतरकार सुरा व मद्य या दोहोंसहि 'दारू' हा एकच शब्द योजतो, तो स्मृतिकारांनीं जेथें भेद केला तेथेंच तो पुसून टाकतो. महापातक कोणतें व उपपातक कोणतें, हेंच मग वाचकास उमगत नाहीं.

३. सौत्रामणीची सुरा

सुरेची सर्वांत जुनी तपशीलवार कृति सौत्रामणि यागाच्या प्रकरणांत आढळते. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयि संहितेचा एकोणिसावा अध्याय, शतपथ ब्राह्मणाचें बारावें कांड, कात्यायन श्रौतसूत्राचा एकोणिसावा अध्याय आणि संहितेवरील महीधराचें भाष्य हीं तिचीं मुख्य स्थलें होत. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाच्या श्रौतकोशामुळें निरनिराळ्या शाखांचे पाठ एकत्र पाहण्याची सोय झाली आहे. डॉ. माधवी कोल्हटकर यांचा वैदिक यज्ञांतील सुरेवरील इंग्रजी ग्रंथ १९९९ सालीं निघाला, तोहि जिज्ञासूंनीं अवश्य पाहावा.

कृतींतील पारिभाषिक शब्द असे. 'शष्प' म्हणजे मोड आलेली साळ. 'तोक्म' म्हणजे मोड आलेले जव, ज्यांस आपण सातू म्हणतों. 'लाजा' म्हणजे लाह्या. 'नग्नहु' म्हणजे अनेक वनस्पतींचीं मुळें, साली इत्यादि कुटून केलेलें आंबवणाचें द्रव्य. 'आचाम' म्हणजे भात शिजल्यावर निथळून काढलेलें पेजेचें पाणी, आणि 'मासर' म्हणजे त्या पाण्यांत वरील चूर्णें कालवून केलेलें मिश्रण. शष्प, तोक्म इत्यादि द्रव्यें शिसें, लोकर व सूत देऊन विकत घ्यावयाचीं असतात, ही एक चमत्कारिक गोष्ट शतपथांत आहे.

पुढील क्रिया महीधर सांगतो ती थोडक्यांत अशी. व्रीहि व श्यामाक (सावा) यांचे दोन भात पुष्कळ पाण्यांत शिजवावे. त्यांचा आचाम निराळा काढून त्यांत शष्प, तोक्म, लाजा व नग्नहु यांच्या चूर्णांचा भाग घालून मासर करावें. मग उरलेलीं चूर्णें व मासर हीं भातांत कालवून तें सर्व भांड्यांत तीन रात्री ठेवावें. या तीन रात्रींत क्रमानें एका, दोन व तीन गाईंचें दूध त्यांत घालतात. शेवटीं केसांच्या गाळण्यानें सुरा गाळतात. याच यागांत शंभर छिद्रांची कुंभी, म्हणजे 'शतातृण्णा', वापरतात आणि 'कारोतर' या नांवाच्या गाळणीचाहि उल्लेख येतो.

या वर्णनांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, गाळण्याच्या साधनांवर एवढा भर आहे याचा अर्थ पेय दाट, कोंडायुक्त व गढूळ होतें. भट्टींतून उतरलेला अर्क गाळावा लागत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. धान्यांत साखर नसते, पिठूळ अंश असतो. आणि पिठूळ अंश आपण होऊन मद्यांत बदलत नाहीं. आधीं त्याची साखर झाली पाहिजे, मग त्या साखरेचें मद्य होतें. पहिली क्रिया दोन प्रकारें साधते. धान्यास मोड आणिले कीं बीजांतच असें एक पाचक द्रव्य उत्पन्न होतें कीं तें पिठाची साखर करतें. हा एक मार्ग. बुरशीयुक्त आंबवणाच्या वड्या धान्यांत मिसळून त्या बुरशीकडून तेंच काम करून घेणें, हा दुसरा. सौत्रामणींत शष्प व तोक्म हीं पहिल्या मार्गाचीं द्रव्यें होत, आणि नग्नहु हें दुसऱ्या मार्गाचें अथवा निदान आंबवणाचें द्रव्य होय. अर्थात् त्या काळच्या कारागिरांस दोन्ही मार्ग परिचित होते असें दिसतें.

४. कौटिल्याचा सुराध्यक्ष

आर. शामशास्त्री यांनीं अर्थशास्त्राची संहिता १९०९ सालीं प्रसिद्ध केली, आणि मुंबई विद्यापीठातर्फे प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति १९६० पासून निघाली. तिच्या दुसऱ्या अधिकरणांतील पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाचा आहे. येथें कृति यज्ञाची नसून सरकारी कारखान्याची आहे. म्हणून मापें दिलेलीं आहेत, आणि मापें आहेत तेथें हिशेब करतां येतो.

'मेदक' या पेयास एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व लागतें. सोळा प्रस्थांचा द्रोण व चार प्रस्थांचा आढक धरिला म्हणजे पाणी १६, तांदूळ २ व किण्व ३ असें प्रमाण पडतें. तांदळापेक्षां किण्व अधिक! 'किण्व' म्हणजे केवळ विरजण असा अर्थ घेतला तर हें प्रमाण हास्यास्पद ठरतें. कारण दुधापेक्षां विरजण अधिक कोणी घालीत नाहीं. या कोड्याचा उलगडा त्याच अध्यायांतील किण्वाच्या कृतीनें होतो. उडदाचा कच्चा अगर शिजविलेला लगदा एक द्रोण, त्याहून तिसऱ्या हिश्शानें अधिक तांदूळ, आणि मोरटादि वनस्पति प्रत्येकीं एक कर्ष, असें मिश्रण म्हणजे किण्वबंध. तेव्हां किण्व हें स्वतःच मुख्यत्वें धान्य आहे. वनस्पतींचा अंश त्यांत अत्यल्प. मेदकांत तांदूळ आणि किण्व मिळून धान्याचा भाग पुरा होतो.

उलट 'प्रसन्ना' या पेयांत बारा आढक, म्हणजे ४८ प्रस्थ, पीठ व अवघें पांच प्रस्थ किण्व आहे. येथें किण्वाचा हिस्सा सुमारें एक दशांश पडतो. एकाच अध्यायांत किण्वाचें प्रमाण असें बदलतें, यावरून हीं दोन पेयें वेगवेगळ्या घडणीचीं होतीं हें उघड आहे. या कृतींत मोड आणलेल्या धान्याचें नांव नाहीं. सारा भर किण्वावर आहे. सौत्रामणीपासून अर्थशास्त्रापर्यंत येतांना पहिला मार्ग मागें पडून दुसरा पुढें आला, असें अनुमान मी काढतों. संथाळांच्या 'हंडिया' पेयांतील 'राणू' वा 'बाखर' नांवाच्या वड्या, हिमालयांतील 'मर्चा' आणि चीन देशांतील तशींच आंबवणें हीं या दुसऱ्या मार्गाचीं जिवंत उदाहरणें होत. आपल्याकडे मद्याच्या कामीं तशा वड्या राहिल्या नाहींत. पण तांदूळ व उडीद वाटून रात्रभर आंबवावयाचे ही रीति आंबोळीच्या पिठांत रोज दृष्टीस पडते. किण्वाचींच दोन धान्यें, फक्त प्रयोजन निराळें.

याच अध्यायांत सुरा व किण्व यांचें निवडण्याचें काम स्त्रियांनीं व मुलांनीं करावें असें सांगितलें आहे. कुटुंबवत्सल लोकांस घरच्या कार्यप्रसंगीं श्वेतसुरा, आणि औषधार्थ अरिष्ट अथवा तत्सम पेय, करण्याची मोकळीक दिली आहे. उत्सव, समाज व यात्रा यांच्या वेळीं चार दिवसांची विशेष सवलत आहे. ज्या राज्यकारभारांत गल्लीगल्लींतील पानागारावर हेर बसविण्याची योजना होती, त्यांतहि घरगुती आंबवणास जागा होती, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. आमच्या प्रांतांत १८७८ च्या अबकारी कायद्यानें हा सर्व व्यवहार सरकारी मक्त्यांत गेला, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं परवान्यावांचून घरीं मद्य तयार करणें हा गुन्हा आहे.

५. वैद्यकाची साक्ष

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पंचविसाव्या अध्यायांत आसवांचे ८४ प्रकार त्यांच्या उत्पत्तिद्रव्यांप्रमाणें वर्गवार सांगितले आहेत. त्यांतील धान्याचीं आसवें सहा : सुरा, सौवीर, तुषोदक, मैरेय, मेदक व धान्याम्ल. या यादीकडे वाचकांनीं बारकाईनें पाहावें. जी सुरा धर्मशास्त्रांत महापातकाचें कारण आहे, ती येथें कांजीच्या पंक्तीस बसली आहे! वैद्याच्या दृष्टीनें दोन्ही एकाच कुळांतील. धान्य, पाणी व काळ यांच्या संयोगानें झालेलीं. एकींत मद अधिक, दुसरींत अम्लता अधिक, एवढाच भेद.

शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यम खंडांत तर सुरेचे थर सांगितले आहेत. शिजविलेल्या अन्नाच्या संधानापासून सुरा होते. तिच्यावरील स्वच्छ निवळ ती प्रसन्ना, तिच्याखालीं अधिक दाट ती कादंबरी, तिच्याखालीं जगल, जगलाहून घट्ट तो मेदक, आणि सार निघून गेलेला चोथा तो वक्कस. किण्व म्हणजे सुरेचें बीज. भांड्यांत स्थिर राहिलेल्या पेयाचा हा वरून खालीं केलेला उभा छेदच आहे. अर्क उतरविणाऱ्यास असे थर सांगण्याचें कारण पडलें नसतें. कारण भट्टीच्या अर्कास गाळच नसतो. मात्र कौटिल्याचा पातळ मेदक व शार्ङ्गधराचा घट्ट मेदक हे एकच नव्हत. दोहोंत हजार वर्षांहून अधिक अंतर आहे, आणि तेवढ्या काळांत नांव राहून पदार्थ पालटतो. संग्राहकांनीं पोथींतील नांवावरून पदार्थ ठरवितांना ही सावधगिरी बाळगली पाहिजे.

भट्टीचा प्रश्न येथेंच आटोपतों. वायव्येकडील शेखान ढेरी येथील मातीच्या भांड्यांवरून प्राचीन भारतांत अर्क काढीत असत असें मत डॉ. ऑलचिन यांनीं १९७९ सालीं मांडलें. त्यावर वाद झाला. तें मत मान्य केलें तरी सौत्रामणीच्या अथवा अर्थशास्त्राच्या कृतींत भट्टी येत नाहीं, हें सत्य बदलत नाहीं.

६. घरगुती पडताळा

सुमेर देशांतील निन्कासी नामक मद्यदेवतेचें एक स्तोत्र ख्रिस्तपूर्व सुमारें १८०० च्या विटांवर लिहिलेलें सांपडलें असून, त्यांत पेय करण्याच्या पायऱ्या गुंफल्या आहेत. मिगेल सिव्हिल यांनीं त्याचें भाषांतर १९६४ सालीं छापलें, आणि त्याच्या आधारें अमेरिकेंतील एका मद्यशाळेनें १९८९ च्या सुमारास तें पेय प्रत्यक्ष करून पाहिलें. उत्तर सीरियांतील ताल बाझी येथील उत्खननानंतर जर्मन विद्वानांनीं थंड पाण्यांतच मोडाचें धान्य भिजवून असाच प्रयोग केला. ज्यांच्या भाषेचा वारसा खंडित झाला ते लोक विटेवरून कृति वाचून हात ओले करतात, आणि ज्यांच्या मुखांत तोक्म, शष्प हे शब्द आजहि पाठांतरानें आहेत त्यांनीं एकदांहि सातूस मोड आणून पाहूं नये, याची लाज वाटली.

परंतु मद्य करावयाचें नव्हतें. म्हणून मर्यादा अशी घातली : मोड आणणें, चूर्ण करणें व गोड पाणी काढणें येथपर्यंतच सुरेच्या वाटेनें जावयाचें, त्यांत किण्व घालावयाचें नाहीं, आणि निघालेलें गोड पाणी त्याच दिवशीं उकळून टाकावयाचें. आंबवणाचा अनुभव घ्यावयाचा तो कांजीवर.

पहिला प्रयत्न फसला. किराणा दुकानांतून आणलेले जव भिजत घातले. तीन दिवसांत मोड तर नाहींच, पण घाण सुटली. कारण मागाहून कळलें. ते जव सडून पांढरे केलेले होते. टरफलाबरोबर त्यांचें बीजत्वहि गेलें होतें. मग एका शेतकऱ्याकडून टरफलासकट सातू आणला. बाजारच्या बियाण्यास विषारी औषध चोळलेलें असतें, म्हणून तें वर्ज्य केलें. अकोले तालुक्यांतून साळ मिळाली. एक दिवस भिजवून ओल्या फडक्यांत बांधल्यावर सातूस दोन दिवसांत व साळीस कांहीं उशिरानें मोड आले. ते उन्हांत वाळवून जात्यावर भरडले.

या फजितीनें एक पाठविषयक गोष्ट शिकविली. महीधर शष्पाचें विवरण करितांना 'व्रीहि' म्हणतो, 'तंडुल' म्हणत नाहीं. मला हे शब्द आजवर पर्याय वाटत आले. ते तसे नाहींत. तांदळास मोड येत नाहीं, साळीस येतो. वैद्यक ग्रंथांत निस्तुष जवांचें तें सौवीर व सतुष जवांचें तें तुषोदक हा जो भेद केला आहे, तोहि असाच कारागिराच्या अनुभवांतून आलेला आहे. यापुढें एखाद्या पोथींत शष्पाच्या जागीं 'तंडुल' असा पाठ आढळला, तर तो लेखकप्रमाद समजावा असें मी निःशंकपणें म्हणेन.

दुसरा प्रयत्न. भात शिजवून त्याची पेज काढली व कढत असतांनाच ती तोक्माच्या चूर्णावर ओतली. खळ तशीच राहिली. गोडी आली नाहीं. उकळत्या पाण्यानें मोडांतील पाचक द्रव्य मरतें, हें शास्त्राच्या शिक्षकांकडून कळलें. त्यांच्याकडूनच उष्णतामापक व आयोडीन आणलें. तिसऱ्या खेपेस पेज थोडा वेळ निवूं दिली आणि मिश्रणाची उष्णता साठ ते पासष्ट अंश शतमानाच्या दरम्यान राखली. पाऊण तासांत दाट पेज पाण्यासारखी पातळ झाली, आणि तासाभरानें ती इतकी गोड लागली कीं घरांतील मंडळींस त्यांत गूळ घातल्याचा संशय आला. आरंभीं आयोडीनच्या थेंबानें पेजेचा रंग गर्द निळा होत असे. शेवटीं निळेपणा येईनासा झाला, म्हणजे पिठूळ अंश पालटला. थंड पाण्यांत रात्रभर ठेवलेलें मिश्रणहि किंचित् गोड झालें, परंतु सकाळीं त्यास आंबूस वास येऊं लागला होता.

आतां मासराकडे पाहावें. शिजलेल्या भातावरचें गरम पाणी काढून त्यांत कोरडीं, थंड चूर्णें कालवावयाचीं. मग तें भातांत मिसळावयाचें. निथळलेलें पाणी वेगळ्या भांड्यांत पडतांना निवतें, आणि थंड चूर्णांनीं आणखी निवतें. उष्णतामापक हाताशीं नसलेल्या माणसास योग्य उष्णता साधण्याची याहून सोपी युक्ति सुचणें कठीण. ज्या विधीकडे मी इतकीं वर्षें निरर्थक कर्मजाल म्हणून पाहिलें, तो एका कसबी कारागिराचा अनुभव आहे. हें अनुमान अंतिम आहे असा आग्रह नाहीं. पण कृतींतील पायऱ्यांचा क्रम त्यानें सुसंगत लागतो.

गाळण्याचाहि अनुभव सांगण्यासारखा आहे. केवळ तांदळाची खळ फडक्यांतून गळेना. परंतु सातूचीं टरफलें तळाशीं बसल्यावर त्यांचीच गाळणी झाली व पाणी स्वच्छ उतरलें. सतुष धान्य मोडासाठीं हवें तसें गाळण्यासाठींहि उपयोगी पडतें.

शेवटीं सौवीर व तुषोदक निरनिराळ्या बरण्यांत घातलीं. सातव्या दिवशीं दोन्ही आंबट झालीं. सौवीर गुळगुळीत व सौम्य, तुषोदक किंचित् तुरट. दोहोंसहि आपल्या आंबिलीचा परिचित वास होता, आणि तें स्वाभाविकच आहे. 'आंबील' हा शब्द 'अम्ल' शब्दाच्या 'अंबिल' या प्राकृत रूपावरून आलेला आहे. ज्वारीची अगर नाचणीची आंबील करणाऱ्या आमच्या आयाबहिणी चरकाच्या धान्यासव वर्गाचा एक पाठ अजूनहि चालवीत आहेत.

७. प्रवरेचा कांठ

हा विचार करीत असतां आपल्या जिल्ह्यांतील पांढरीच्या टेकाडांची आठवण होणें साहजिक आहे. संगमनेर तालुक्यांतील जोर्वें येथें १९५०-५१ सालीं, नेवासें येथें १९५४-५६ सालीं, आणि श्रीरामपूर तालुक्यांतील दायमाबाद येथें १९५८-५९ व पुन्हा १९७४ ते १९७९ या काळांत उत्खननें झालीं. ज्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस जोर्वें गांवाचें नांव मिळालें, तिचीं तांबूस रंगावर काळ्या नक्षीचीं भांडीं प्रसिद्ध आहेत. त्यांत खांद्यावर लांब नळीची तोटी असलेला कुंभ विशेष लक्ष वेधतो. याच संस्कृतीच्या पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथील वस्तींत जवाचे दाणे मिळाले आहेत.

जव आहेत, तोटीचें भांडें आहे, तेव्हां सुरा होती, असें म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. तोटींतून पाणी, दूध व आंबीलहि ओततां येते. इराणांतील गोडिन टेपे येथें ख्रिस्तपूर्व चौथ्या सहस्रकाच्या अखेरच्या एका रांजणाच्या आंतल्या खांचांत कॅल्शियम ऑक्झलेट नांवाचा क्षार चिकटलेला मिळाला. जवाच्या बीअरच्या भांड्यांत हा क्षार सांचतो, म्हणून १९९२ सालीं तो पुरावा विद्वानांपुढें ठेवण्यांत आला. चीन देशांतील जिआहू येथील सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वींच्या खापरांतहि आंबविलेल्या पेयाचे अंश रासायनिक परीक्षेनें २००४ सालीं दाखविले गेले. आकारावरून अनुमान करण्याऐवजीं खापराच्या आंतल्या अंगास विचारावें, हा धडा यांतून घेण्यासारखा आहे. आपल्या परिसरांत टेकाडावर सांपडलेलें खापर कित्येक हौशी संग्राहक घरीं नेऊन प्रथम घासून लख्ख करतात. बाहेरची नक्षी उजळते, आणि आंतील तीन हजार वर्षांची साक्ष नळाच्या पाण्याबरोबर मोरींत जाते. खापर धुऊं नये. जागेची नोंद करून तें संबंधित खात्याच्या स्वाधीन करावें.

८. उपसंहार व विनंति

सारांश असा. वैदिक सुरा हें मोडाच्या धान्याचें, आंबवून गाळलेलें पेय होय. अर्थशास्त्रांत मोडाची जागा किण्वानें घेतली. वैद्यकांत सुरा व कांजी एका वर्गांत येतात. आणि या तिहींपैकीं कशासहि 'दारू' हा मराठी शब्द यथार्थपणें लागत नाहीं. भाषांतरांत 'सुरा' हाच शब्द राखावा, अथवा फोड करणेंच असेल तर 'धान्याचें आंबविलेलें पेय' असें म्हणावें.

पोथीसंग्राहकांस एक विनंति करावयाची आहे. दप्तरें चाळतांना आपण सनदा, महजर, शकावल्या बाजूस काढतों. काव्य व पुराण यांच्या पोथ्या नीट बांधून ठेवतों. आणि वैद्याचीं बाडें, याज्ञिकांचे प्रयोग, घरगुती मसाल्यांच्या व कांज्यांच्या यादी हीं 'किरकोळ' म्हणून एका गांठोड्यांत टाकतों. तें गांठोडें प्रथम ओलें होतें व प्रथम रद्दींत जातें. मजकडेहि एका वैद्यघराण्याचें असें एक बाड आलें होतें. कांज्यांचीं पानें त्यांत होतीं. परंतु ऐतिहासिक महत्त्वाचें नाहीं म्हणून मीं तें परत केलें. चार वर्षांनीं पुन्हा चौकशी केली, तेव्हां घर पाडलें गेलें होतें व बाडाचा पत्ता कोणासच नव्हता. आज त्या पानांत सौवीरास किती दिवस, कोणत्या ऋतूंत व कोणत्या भांड्यांत असें लिहिलें होतें, हें जाणण्यासाठीं मी काय दिलें नसतें!

म्हणून ज्यांच्या संग्रहांत सौत्रामणीचा प्रयोग, आसवारिष्टांचीं पानें, सौवीर, तुषोदक, किण्व, संधान यांविषयीं टिपणें असतील त्यांनीं तीं त्रोटक व अशुद्ध असलीं तरी टाकूं नयेत. त्यांची नक्कल करून या त्रैमासिकाकडे धाडावी. मापें, दिवस व भांड्यांचीं नांवें जशींच्या तशीं उतरावीं. शुद्ध करूं नयेत. ज्यांच्या घरीं वृद्ध स्त्रिया अजून आंबील, कांजी करितात, त्यांनीं एकदां त्यांच्याजवळ बसून कृति लिहून घ्यावी. व्रीहि आणि तंडुल यांतला भेद मला भाष्यकारानें सांगितलाच होता. पण तो कळावयास तीन दिवस कुजलेल्या जवांचा वास घ्यावा लागला.